प्राणवायूची मात्रा



प्राणवायू हा शब्द आमच्या भाषेत दोन घरी नांदतो. आयुर्वेदाने व योगशास्त्राने प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान असे पाच वायू सांगितले. त्यांतील पहिला तो प्राण. पुढे पाश्चात्य रसायनशास्त्र मराठीत आले. हवेचा सुमारे एकपंचमांश भाग असलेल्या एका वायूला नाव हवे होते, तेव्हा हेच जुने नाव त्याला मिळाले. नाव सुरेख आहे यात शंका नाही. परंतु नावाबरोबर एक समजूतही घरात शिरली. जो वायू साक्षात प्राण, तो जितका अधिक मिळेल तितका बरा, ही ती समजूत.

2021 सालच्या चैत्र-वैशाखात या समजुतीला आम्हां सर्वांच्या डोळ्यांदेखत धार चढली. सिलिंडरसाठी रांगा लागल्या. बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे लहानसे यंत्र घरोघरी आले, आणि ज्यांनी कधी ताप मोजला नव्हता तेही 94 च्या आकड्याकडे दिवसातून दहा वेळा पाहू लागले. त्या दिवसांत हा वायू न मिळाल्याने माणसे गेली, हे सत्य आहे आणि ते आम्ही विसरू नये. पण त्याच सत्याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगितली नाही. हाच वायू गरजेपेक्षा अधिक झाला, तर तोही देहाची हानी करतो. तो आमच्या पेशी जगवतो आणि त्यांना जीर्णही करतो. ही गोष्ट मनुष्याला कशी कळली, कळावयास किती वर्षे लागली, आणि तिची किंमत कोणी मोजली, हा आजचा विषय आहे.

आरंभ 1 ऑगस्ट 1774 रोजी करू. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बोवुड नावाच्या वाड्यात जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर मोठ्या भिंगाने सूर्याचे ऊन एकवटले. त्यातून जो वायू निघाला त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. स्वीडनमध्ये शेले यांनी तोच वायू याच्याही आधी मिळविला होता, पण त्यांचे पुस्तक 1777 साली निघाले आणि मान प्रीस्टलींकडे गेला. प्रीस्टलींनी बंद भांड्यात हा वायू भरून त्यात उंदीर ठेवला. साध्या हवेत तो जितका वेळ तगला असता त्याच्या दुप्पट वेळ तगला. मग त्यांनी स्वतः तो हुंगून पाहिला, व छाती हलकी वाटल्याची नोंद केली. येथवरची हकीकत शाळेच्या पुस्तकांत असते. तेथे नसते ती पुढची शंका. या वायूत मेणबत्ती जशी भरभर जळून संपते, तसे निरोगी मनुष्याचे आयुष्यही यात भरभर जळून संपणार नाही ना, असे प्रीस्टलींनी त्याच वेळी लिहून ठेवले. हाती यंत्र नव्हते, पेशीचे ज्ञान नव्हते. केवळ एका ज्योतीकडे पाहून त्यांनी जी शंका घेतली, तिला उत्तर मिळावयास पावणेदोनशे वर्षे लागली.

फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी या वायूला ऑक्सिजन हे नाव दिले. त्याचा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. ती कल्पना चुकीची ठरली, पण नाव टिकले. म्हणजे युरोपातले नाव चुकले आणि आमचे नाव अर्धेच खरे निघाले, असे म्हणावयास हरकत नाही. लाव्हाझिए यांचे खरे कार्य वेगळेच आहे. 1782-83 च्या हिवाळ्यात त्यांनी व लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजले. कोळसा जळताना जसे घडते तसेच, पण संथपणे, देहातही घडत असते, हे त्यावरून त्यांनी दाखविले. श्वसन म्हणजे ज्योत नसलेले जळणे होय. येथून पुढे प्राणवायूची कथा ही अग्नीची कथा झाली. आणि अग्नी म्हटला की, चुलीपाशी बसणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते त्याप्रमाणे, जाळ कमी पडला तर अन्न कच्चे राहते आणि जास्त झाला तर करपते.

जाळ कमी पडण्याची बाजू जगाला प्रथम कळली, ती एका शोकांतिकेतून. 15 एप्रिल 1875 रोजी पॅरिसमधून झेनिथ नावाचा बलून तीन शास्त्रज्ञांना घेऊन वर चढला. तिसांद्ये, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली ही त्यांची नावे. उंचावरची हवा विरळ असते म्हणून त्यांनी प्राणवायूमिश्रित हवेच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी, हा साठा पुरणार नाही, असे पत्र धाडले. ते वेळेवर पोचले नाही. बलून सुमारे 8,600 मीटर उंचीवर गेला. पिशव्या हाताशीच होत्या. पण हात उचलण्याची शक्ती गेली होती, आणि विशेष हे की, धोका आहे ही जाणीवच गेली होती. बलून खाली आला तेव्हा एकटे तिसांद्ये जिवंत होते. प्राणवायू कमी पडू लागला की मनुष्य गुदमरतोच असे नाही. कित्येकदा तो शांतपणे, काही कळण्याआधीच, हातचा जातो. 2021 साली कित्येक रुग्ण बोलत-चालत असताना यंत्रावरचा आकडा घसरलेला दिसे, त्यात हेच होते. योगायोगाने ज्या 1875 साली ही दुर्घटना घडली त्याच साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. आज गावोगाव वसंतात आपण जमतो ती परंपरा आणि आजचा हा विषय अशी दोन्ही एका वयाची आहेत.

बेर यांचा मोठेपणा असा की, ते एकाच बाजूवर थांबले नाहीत. प्राणवायूच्या अभावाने मृत्यू येतो हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांनीच त्याच्या अतिरेकाचीही परीक्षा केली. पोलादी कोठीत प्राण्यांना ठेवून त्यांनी या वायूचा दाब वाढवीत नेला. एका मर्यादेपलीकडे प्राण्यांना आकडी येऊ लागली व ते मेले. 1878 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे प्रयोग विस्ताराने मांडले. पुढे 1899 साली लॉरेन स्मिथ यांनी दाखविले की, दाब इतका मोठा नसला तरी, हा वायू अधिक प्रमाणात बराच काळ घेतल्यास फुप्फुसांना सूज येते. याप्रमाणे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी दोन्ही बाजू कागदावर आल्या होत्या.

पण कागदावरचे ज्ञान आणि रुग्णाच्या उशाशी वापरले जाणारे ज्ञान यांत अंतर असते. त्या अंतरात काय घडले ते आता सांगावयाचे आहे. या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण हेच होय.

1940 च्या सुमारास अमेरिकेतील व इतर संपन्न देशांतील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी काचेच्या बंदिस्त पेट्या आल्या. त्यांत ऊब ठेवता येई व भरपूर प्राणवायूही सोडता येई. पूर्वी जी मुले दगावत, ती जगू लागली. डॉक्टर आनंदले, आयाबापांनी देवाचे आभार मानले. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. 1942 साली बॉस्टनचे नेत्रवैद्य टेरी यांनी, अशा जगलेल्या मुलांपैकी काहींच्या बुबुळामागे करडा पडदा धरून ती आंधळी होत आहेत, असे नोंदविले. त्यानंतर बारा वर्षे जगभरच्या डॉक्टरांनी कारणाचा शोध घेतला. जीवनसत्त्वे तपासली, दूध तपासले, रोगजंतू तपासले, उजेडावर संशय घेतला. सर्वांत उत्तम व्यवस्था असलेल्या रुग्णालयांतच हा रोग अधिक, आणि जेथे प्राणवायूची चैन परवडत नाही तेथे कमी, ही साधी गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानी आली नाही. 1951 साली मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखविले. पण जो वायू मुलांना जगवतो तोच त्यांचे डोळे नेतो, हे सहजी कोण मानणार?

म्हणून 1953 साली अमेरिकेत अठरा रुग्णालयांनी मिळून परीक्षा आरंभिली. काही मुलांना नेहमीप्रमाणे भरपूर प्राणवायू द्यावयाचा, आणि बाकीच्यांना केवळ गरज पडेल तेवढाच. 1954 साली निकाल आला तेव्हा शंकेला जागा उरली नाही. भरपूर वायू मिळालेल्या मुलांत अंधत्व आणणारा विकार कितीतरी पटींनी अधिक होता. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती, असा अंदाज पुढे करण्यात आला. यात कोणी दुष्ट नव्हता, कोणी निष्काळजी नव्हता. अधिक ते चांगले, ही एकच समजूत येथे गुन्हेगार होती.

कथा येथे संपली असती तर तिचे तात्पर्य सोपे झाले असते. पण तसे झाले नाही. घाबरलेल्या वैद्यकाने काटा दुसऱ्या टोकाला नेला. पेटीतील हवेत हा वायू 40 टक्क्यांच्या वर जाऊ द्यावयाचा नाही, असा दंडक पडला. अंधत्व कमी झाले. परंतु 1973 साली केनेथ क्रॉस यांनी जन्ममृत्यूच्या नोंदी तपासून एक भयंकर अंदाज मांडला. वाचविलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा मुले प्राणवायू कमी पडून दगावली असावीत, असा तो अंदाज होता. अगदी अलीकडे, 2010 साली, अमेरिकेतील मोठ्या परीक्षेत पुन्हा हाच पेच दिसला. मुलांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण 85 ते 89 टक्के ठेवले तेव्हा डोळ्यांचा गंभीर विकार कमी झाला, पण मृत्यू वाढले. 91 ते 95 टक्के ठेवले तेव्हा मृत्यू कमी झाले, पण डोळ्यांचा विकार वाढला. दोन्ही संकटांच्या मधली वाट इतकी अरुंद आहे.

आता कारणाकडे वळू. जो वायू जाळ पेटता ठेवतो तो पेशीला इजा करतो कसा? ज्या 1954 साली मुलांच्या डोळ्यांचा निकाल लागला, त्याच साली रॉचेस्टर विद्यापीठात काम करणाऱ्या अर्जेंटिनाच्या विदुषी रेबेका गर्शमन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण विचार मांडला. प्राणवायूचा अतिरेक आणि क्ष-किरणांचा मारा हे दोन्ही देहाला एकाच रीतीने इजा करतात, असा तो विचार. पेशीत अन्न जळताना प्राणवायूचे बहुतेक कण शेवटी पाणी होतात. पण थोडे कण अर्धवट अवस्थेत निसटतात. यांना मुक्त मूलके म्हणतात. जोडीदार हरवलेल्या अशा कणाला स्वस्थता नसते. तो शेजारच्या स्निग्ध द्रव्यावर, प्रथिनावर किंवा गुणसूत्रावर झडप घालतो व तेथे बिघाड करतो. उघड्यावर ठेवलेले तेल खवट होते, लोखंडाला गंज चढतो, तोही याच वायूचा प्रताप होय.

1956 साली डेनम हार्मन यांनी यापुढचे पाऊल टाकले. मनुष्य म्हातारा होतो तो या लहानलहान इजा आयुष्यभर साठत गेल्यामुळे, असे मत त्यांनी मांडले. प्रीस्टलींच्या ज्योतीविषयीच्या शंकेला मिळालेले हे पहिले शास्त्रीय उत्तर. आरंभी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण 1969 साली ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी, अशा मूलकांपैकी एकाचा बंदोबस्त करणे हेच ज्याचे काम, असे एक विकर पेशीत शोधून काढले. घरात अग्निशामक बंब आढळावा म्हणजे तेथे आगीचे भय असलेच पाहिजे, हा तर्क सर्वांना पटला.

दुसरीकडे पेशीच्या आयुष्याचा हिशेब चालू होता. 1961 साली फिलाडेल्फियात हेफ्लिक व मूरहेड यांनी दाखविले की, काचेच्या भांड्यात वाढविलेल्या मनुष्याच्या पेशी सुमारे पन्नास वेळा दुणावतात आणि मग थांबतात. त्या लगेच मरत नाहीत. केवळ म्हाताऱ्या होऊन बसतात. परंतु येथेही एक गोष्ट नजरेतून निसटली होती. भांड्यात असते ती आपल्या खोलीतली हवा, म्हणजे सुमारे वीस टक्के प्राणवायू. देहाच्या आत, फुप्फुसापासून दूर असलेल्या पेशीच्या वाट्याला यापेक्षा कितीतरी कमी, बहुधा दोन ते आठ टक्के, प्राणवायू येतो. म्हणजे आपण ज्याला साधी हवा म्हणतो, ती त्या पेशीच्या दृष्टीने अतिरेकच होती.

1977 साली पॅकर व फ्यूर यांनी मनुष्याच्या पेशी दहा टक्के प्राणवायूत वाढवून पाहिल्या. त्या अधिक वेळा दुणावल्या. 1995 साली जर्मनीत फॉन त्स्ग्लिनिकी यांनी उलटा प्रयोग केला व पेशींना चाळीस टक्के प्राणवायूत ठेवले. गुणसूत्रांच्या टोकांना, चपलेच्या नाडीच्या टोकाला असते तसे, एक संरक्षक टोपण असते. पेशी दर वेळी दुणावताना ते थोडे झिजते. चाळीस टक्क्यांत ही झीज कित्येक पटींनी वाढली, आणि पेशी दोन-तीन वेळा दुणावूनच थांबल्या. 2003 साली उंदराच्या पेशींवरही प्रयोग झाला. वीस टक्क्यांत त्या लवकर म्हाताऱ्या झाल्या, आणि तीन टक्क्यांत दुणावत राहिल्या. मनुष्याच्या पेशी मात्र कमी प्राणवायूतही अखेर थांबतातच. कारण टोपण झिजणे हे त्यांचे निराळे घड्याळ आहे. प्राणवायू हे घड्याळ घडवीत नाही. ते पुढे ढकलतो, असे यावरून म्हणता येईल.

हे ऐकून मनात येईल की, मग या मूलकांचा पुरता नायनाट करणाऱ्या गोळ्या घ्याव्यात, म्हणजे वार्धक्य टळेल. हा विचार बाजारात फार खपला. त्याचीही परीक्षा झाली. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, व 1994 साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटिन ज्यांना गोळीतून दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता 18 टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाण्यात काहीच वावगे नाही. वावगे आहे ते त्यातले एक द्रव्य वेगळे काढून मुठीने घेण्यात. कारण पेशी या मूलकांचा उपयोग निरोप पोचविण्यासाठीही करते. 2009 साली असे दिसून आले की, व्यायाम करणाऱ्या तरुणांना क व ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामाचा काही लाभच नाहीसा होतो. थोडी झळ लागल्याशिवाय देह आपली तयारी करीत नाही.

प्राणवायू कमी झाला आहे हे पेशीला कळते कसे, याचे उत्तर शोधल्याबद्दल 2019 साली केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत एक प्रथिन सतत तयार होते व प्राणवायू पुरेसा असेतो सतत मोडले जाते. वायू कमी पडला की ते मोडणे थांबते, आणि तेच प्रथिन रक्तातील तांबड्या पेशी वाढवा, नव्या रक्तवाहिन्या काढा, असे हुकूम सोडते. म्हणजे प्रत्येक पेशीजवळ तिचा स्वतःचा काटा आहे. देह प्रत्येक क्षणी मोजत असतो. न मोजणारे असतो ते आम्ही.

या इतिहासाचा आज उपयोग काय, असे कोणी विचारील. तीन गोष्टी सांगून आम्ही पुरे करू. पहिली ही की, घरी सिलिंडर किंवा यंत्र असेल तर किती वायू द्यावयाचा हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या कित्येक रुग्णांत रक्तातील प्रमाण 88 ते 92 टक्के राखणे योग्य मानले जाते. तेथे प्रेमापोटी नळी मोकळी सोडणे घातक ठरते. दुसरी ही की, ज्यांच्या घरी अपुऱ्या दिवसांचे, चौतीस आठवड्यांच्या आतले किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे मूल जन्मले असेल, त्यांनी त्याचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. आपल्या देशात आज अशी मुले जगण्याचे प्रमाण वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तेवढ्यासाठीच हा धोकाही आपल्या दारी आला आहे. वेळीच उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी वाचते. तिसरी गोष्ट, दाबाच्या कोठीत शुद्ध प्राणवायू घेऊन तारुण्य परत मिळते अशा जाहिराती दिसतात. ती कोठी कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेवर व पाणबुड्यांच्या विकारावर खरोखर उपकारक आहे. वार्धक्याविषयी मात्र ज्या 2020 सालच्या इस्राएली प्रयोगाचा दाखला दिला जातो, त्यात 35 वृद्ध होते आणि तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नव्हता. तुलनेवाचून मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवला की काय होते, ते त्या काचेच्या पेट्यांनी आम्हांला शिकविले आहे.

आमच्या घरातून आजी तान्ह्या मुलाला बाळगुटी देत असे. सहाणेवर वेखंडाचे वेढे किती, हळकुंडाचे किती, हे ती मोजत असे. मूल लाडके म्हणून चार वेढे अधिक देत नसे. आपल्या वैद्यकात औषधाच्या प्रमाणाला मात्रा म्हणतात, आणि खुद्द औषधालाही मात्राच म्हणतात. प्राणवायूचे नाव आम्ही जुन्या शास्त्रातून उचलले. त्याबरोबर हा दुसरा शब्दही उचलला असता, तर ते नाव पूर्ण झाले असते.